जठराच्या कॅन्सरचा जनुकीय डेटाबेस: आधी फॉर्म, मग फ्रीझर

नवी मुलं कामावर येतात तेव्हा त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. सर्व्हर कुठला घ्यायचा? सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचायचं काम, कुणाकडून करून घ्यायचं? पायथनमधलं प्रोग्रॅमिंग किती यायला हवं? मी त्यांना एक कोरा कागद देते आणि सांगते, समोर पेशंट बसलाय, तुम्हाला दहा मिनिटं मिळालीत, काय विचाराल ते लिहून काढा. कागद बहुतेक वेळा अर्धासुद्धा भरत नाही.

कॅन्सरच्या नमुन्यांच्या नोंदी सांभाळण्यात माझी काही वर्षं गेली. डीएनए फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. तो पुन्हा वाचता येतो, उद्या नवं यंत्र आलं तर आणखी बारकाईने वाचता येतो. पेशंट समोर होता त्या दिवशी जे विचारायचं राहिलं, ते मात्र राहतंच. आपल्याकडे जठराचा कॅन्सर बरेचदा उशिरा सापडतो. सहा महिन्यांनी फोन करावा तर मुलगा उचलतो, आणि पुढचं काही विचारायची आपली हिंमत होत नाही. म्हणून या लेखाचा क्रम तुम्हाला उलटा वाटेल. यंत्रं शेवटी येतील.

पायरी १: जनुकं कुणाची, ते ठरवा

‘जनुकीय डेटाबेस’ म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या जातात.

पहिली म्हणजे जन्मतः मिळालेले दोष. न्यूझीलंडमधल्या एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यान्पिढ्या माणसं तरुणपणीच जठराच्या कॅन्सरने जात होती. त्या कुटुंबाने ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर काम केलं आणि १९९८ साली कारण सापडलं: सीडीएच१ या जनुकातला दोष. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन या जनुकावरून बनतं. ते बिघडलं की पेशी सुट्या होतात आणि गाठ न धरता जठराच्या भिंतीत पसरत जातात. असे दोष शोधायला रक्त पुरतं.

दुसरी, गाठीत नव्याने झालेले बदल. अमेरिकेच्या ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ने २०१४ साली २९५ गाठी तपासून त्यांचे चार गट पाडले: एपस्टाइन-बार विषाणूशी जोडलेल्या सुमारे ९ टक्के, डीएनएची दुरुस्ती बिघडून बदलांचा खच पडलेल्या २२ टक्के, गुणसूत्रं बऱ्यापैकी शाबूत असलेल्या २० टक्के आणि गुणसूत्रांची पार मोडतोड झालेल्या साधारण निम्म्या. इथे गाठीचा तुकडाही लागतो आणि त्याच माणसाचं रक्तही.

तिसरी गोष्ट नवखे विसरतात: जंतू. १९८२ साली पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. १९९४ साली तो कॅन्सरकारक ठरवला गेला आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. या जंतूलाही जनुकं आहेत. त्यातलं कॅग-ए असेल तर धोका वाढतो.

जन्मतः मिळालेले दोष आणि जंतू एकमेकांत किती गुंतलेले आहेत, ते जपानमधल्या २०२३च्या अभ्यासाने दाखवलं. जठराच्या कॅन्सरचे १०,४२६ रुग्ण आणि कॅन्सर नसलेले ३८,१५३ लोक, असा तो पसारा होता. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या बीआरसीए२सारख्या काही जनुकांत दोष आणि शिवाय हेलिकोबॅक्टरची लागण, असं दोन्ही असलेल्यांना वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत हा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के निघाली. नुसती लागण असलेल्यांत ती १४ टक्क्यांच्या आसपास होती. जनुकं वाचली पण लागणीचा रकानाच ठेवला नाही, अशा डेटाबेसला हा फरक कधीच दिसला नसता.

आपल्यासाठी तर हा रकाना फारच महत्त्वाचा आहे. भारतात हेलिकोबॅक्टर घरोघरी, पण त्या मानाने जठराचा कॅन्सर कमी. आणि त्याच भारतात मिझोरममध्ये हे प्रमाण देशात सगळ्यात वरचं. या कोड्याचं पुरतं उत्तर अजून मिळायचंय. त्यामुळे पहिल्याच कागदावर एक वाक्य लिहा: आमचा डेटाबेस अमुक प्रश्नासाठी आहे. दोन वाक्यं झाली तर एक खोडा.

पायरी २: संमती

एथिक्स कमिटीची परवानगी, आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा, परदेशी संस्था बरोबर असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, हे सगळं करायचंच आहे. त्याला महिने लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात कागद पुढे सरकवा. पण संमती म्हणजे हे कागद नव्हेत. ती ओपीडीच्या बाकावर होते.

माझ्यासमोर एकदा सोलापूरकडच्या एक मावशी बसल्या होत्या. मी पाठ केलेलं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “ह्याच्यानं मला गुण येईल का गं?”

“नाही मावशी, तुम्हाला नाही येणार.”

“मग पोरींना?”

“त्यांना एखादे वेळी उपयोग होईल. पण तसं वचन देता येणार नाही मला.”

“थांब, त्यांना विचारून येते,” म्हणून त्या उठल्या, त्या जेवणाची वेळ टळून गेल्यावर आल्या. धाकट्या मुलीला घेऊनच. त्या दिवशी माझे दोन नमुने कमी झाले आणि वरून बोलणीही खाल्ली. पण ती पद्धत बरोबर होती असं मी आजही म्हणेन.

संमतीपत्रात एकच सही घेऊन मोकळं होऊ नका. वेगवेगळे प्रश्न, वेगवेगळ्या चौकटी: नमुना फक्त याच अभ्यासाला वापरायचा की पुढच्याही? माहिती दुसऱ्या संस्थांना, देशाबाहेर दिली तर चालेल का? घरच्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं काही सापडलं तर कळवायचं का? या शेवटच्या प्रश्नाला एक जोडप्रश्न असतो आणि तो आमच्या पहिल्या फॉर्मवर नव्हता: तुम्ही नसाल तेव्हा कुणाला कळवायचं? सीडीएच१चा दोष सापडला तर तो मुलामुलींत असण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. तो असलेल्या स्त्रियांना एका प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरचाही धोका असतो. जठर आधीच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, इतकी ही बातमी जड आहे. ती सांगणारा समुपदेशक हाताशी नसेल तर ‘कळवू’ असं लिहूनच घेऊ नका.

पायरी ३: फॉर्म

इथे मी रेंगाळणार आहे.

‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ या प्रश्नाचं मराठी उत्तर असतं, “आजोबांना पोटाचा होता.” पोटाचा म्हणजे जठराचा असेल असं नाही. आतड्याचा, यकृताचा, गर्भाशयाचा, अंडाशयाचा, सगळे आपल्या बोलण्यात पोटाचेच. कितीदा तर नुसतं “पोटात गाठ होती.” फॉर्मवर ‘जठर’ अशी खूण करायची तर दुर्बीण टाकून तपासलं होतं का, ऑपरेशन झालं होतं का, जुना केसपेपर आहे का, हे विचारून मगच. नसेल तर ‘पोटाचा, अवयव अनिश्चित’ असा पर्याय ठेवा. तो सगळ्यात जास्त वापरला जाईल, आणि तेच प्रामाणिक आहे.

तंबाखूचं तसंच. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘तंबाखू खाता का?’ एका आजींनी ठामपणे नाही म्हटलं, मी ‘नाही’वर खूण केली. बाहेर नातू सहज म्हणाला, “आजीची मिश्रीची डबी गाडीत राहिली.” भाजलेल्या तंबाखूची पूड रोज सकाळी हिरड्यांना लावणारी बाई ‘तंबाखू खात नाही’ हे अगदी खरं सांगत होती. प्रश्नच चुकीचा होता. मिझोरममध्ये तुइबुर असतं, तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, जे तोंडात धरतात. पुण्यात छापलेल्या फॉर्मवर ते ना ओढण्यात बसेल ना चघळण्यात. तिकडे धुरावलेलं मांस आणि सा-उम, म्हणजे आंबवलेली डुकराची चरबी, हेही विचारावं लागतं. फॉर्म ज्या भागात वापरायचा तिथल्या चार बायकांना आधी वाचून दाखवा. मिठाचा प्रश्न ‘जेवणात वरून मीठ घेता का’ असा विचारून भागत नाही. खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड किती, ते विचारा.

हेलिकोबॅक्टरच्या निकालाशेजारी आणखी एक रकाना हवाच: तपासणीच्या आधी दोन आठवड्यांत ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या का, आणि महिनाभरात अँटिबायोटिक घेतलं होतं का. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची ती गोळी आपल्याकडे डॉक्टरला न विचारता वर्षभर घेतली जाते. तिच्यामुळे जंतू दबतो आणि तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. कॅन्सर व्हायच्या टप्प्यावर जठराचं अस्तर इतकं झिजलेलं असतं की जंतू तिथून निघूनही गेलेला असतो. तेव्हा कधीकाळी लागण होती का, हे पाहायला रक्तातली प्रतिपिंडं तपासावी लागतात.

बाकीचं भराभर सांगते. गाठ जठराच्या वरच्या तोंडाशी होती की खाली? दोन्हींची कारणं वेगळी असतात. पॅथॉलॉजिस्टने लॉरेनच्या १९६५च्या वर्गीकरणाप्रमाणे आतड्यासारखा प्रकार म्हटलंय की विखुरलेला? नमुना घ्यायच्या आधी केमो झाली होती का? जन्मगाव कुठलं, आईकडचं आणि वडिलांकडचं मूळ गाव कुठलं? आणि लग्नसंबंध: ‘नात्यात लग्न झालंय का’ असं विचारलंत तर मामाच्या मुलीशी लग्न केलेला माणूसही कधीकधी ‘नाही’ म्हणतो. ‘आते-मामे भावंडांत झालंय का’ असं नाव घेऊन विचारा.

पेशंट तुमच्यापर्यंत आला कसा, हेही नोंदवा. चमत्कारिक वाटेल, पण सीडीएच१चंच बघा. २०१५ साली हा दोष असलेल्या पुरुषांना जठराचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्के सांगितली गेली, स्त्रियांना ५६. २०१९ साली दुसऱ्या अभ्यासात हेच आकडे ४२ आणि ३३ वर आले. जनुक तेच होतं. आधीचे आकडे मुख्यतः अशा घरांतून आले होते जिथे कॅन्सरने आधीच थैमान घातलं होतं. नंतरच्या अभ्यासात इतर कारणांनी तपासणी केलेली माणसंही आली. जठर काढायचं की नाही हा निर्णय या आकड्यांवर होतो.

आणि फॉर्ममधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘विचारलं नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. रकाना रिकामा सोडायला परवानगीच देऊ नका. रिकाम्या रकान्याचा दोन वर्षांनी कुणीतरी ‘नाही’ करून टाकतो.

पायरी ४: नमुना

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. गाठीच्या तुकड्याचं गणित जास्त अवघड. ताजा तुकडा अर्ध्या तासात गोठवून उणे ८० अंशांत ठेवता आला तर उत्तम. ते फार थोड्या ठिकाणी जमतं, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला फॉर्मॅलिनमधून मेणात बसवलेले ठोकळे येतात. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो आणि त्यातलं ‘सी’ हे अक्षर वाचताना ‘टी’ दिसू लागतं, म्हणजे नसलेलं म्युटेशन, नसलेला बदल दिसतो. शुक्रवारी दुपारी टाकलेला तुकडा सोमवारी बाहेर काढला असेल तर हा त्रास जास्त. म्हणून ठोकळ्यासोबत फॉर्मॅलिनमध्ये किती तास होता ते लिहा. पॅथॉलॉजीच्या लॅबमधल्या टेक्निशियन दादांशी दोस्ती करा. हा आकडा कुठल्याच रिपोर्टात छापलेला नसतो, तो त्यांनाच माहीत असतो.

तुकड्यात कॅन्सरच्या पेशी किती, हे पॅथॉलॉजिस्टकडून टक्क्यांत लिहून घ्या. विखुरलेल्या प्रकारात त्या पेशी धाग्यांच्या जाळ्यात इथे एक, तिथे एक अशा बसलेल्या असतात. समजा, कॅन्सरच्या पेशी ३० टक्के आहेत आणि जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल आहे. मग यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांपैकी साधारण १५ टक्क्यांतच तो दिसणार. प्रत्येक जागा ३० वेळा वाचली तर चार-पाचदा, १०० वेळा वाचली तर पंधरा वेळा. चार-पाच म्हणजे यंत्राची चूक की खरा बदल, याची खात्री देणं कठीण. सीक्वेन्सिंगचं कोटेशन मागवण्याआधी हा हिशोब करा.

नळीवर पेशंटचं नाव कधीच नको, फक्त क्रमांक आणि बारकोड. नाव आणि क्रमांक यांची जोडणी वेगळ्या कुलपात, शक्यतो वेगळ्या माणसाकडे. क्रमांकात जन्मतारीख, गावाचा पिनकोड, आडनावाचं पहिलं अक्षर असलं काही घुसडू नका. आणि साध्या मार्करने लिहू नका. स्पिरिटचा बोळा एकदा फिरला की क्रमांक गेला. आमच्याकडे अकरा नळ्या अशा अनाथ झाल्या होत्या. त्या टाकून द्याव्या लागल्या.

पायरी ५: तक्ते आणि फाइली

एका माणसाचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, ३० वेळा वाचला की साधारण १०० जीबीच्या घरात माहिती येते. गाठ आणि रक्त मिळून त्याच्या दुप्पट-तिप्पट. कच्च्या वाचनाच्या फास्टक्यू फाइली, त्या संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या प्रमाण जीनोमवर, बसवून झालेली बॅम किंवा क्रॅम, आणि त्यातून निघालेल्या फरकांची व्हीसीएफ, असा हा प्रवास. जागा वाचवायला काय टाकायचं हा वाद तुमच्याकडेही होईल. दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत, एवढं मात्र सोडू नका.

संदर्भ जीनोमची आवृत्ती प्रत्येक फाइलवर लिहा. सीडीएच१ची जागा ३७व्या आणि ३८व्या आवृत्तीत सुमारे ३४ हजार अक्षरांनी वेगळी आहे. दोन्हींची सरमिसळ झाली तर प्रोग्राम तक्रार करत नाही, निमूटपणे चुकीच्या जागेचं उत्तर देतो.

पेशंटची माहिती एक्सेलमध्ये ठेवू नका, हे मी सांगेन आणि तुम्ही ठेवाल, मीही ठेवली होती. निदान हे लक्षात असू द्या: एक्सेल ‘सेप्ट१’ आणि ‘मार्च१’ या जनुकांची नावं मुकाट्याने तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच हार मानून त्यांची नावं ‘सेप्टिन१’, ‘मार्च-एफ१’ अशी बदलली. तेव्हा सॉफ्टवेअर बदललं नाही, जनुकांची बारशी पुन्हा झाली! तारखांचाही तोच घोळ: ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल? वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं ठरवून टाका. अवयवासाठी आणि पेशींच्या प्रकारासाठी स्वतःची नावं शोधू नका, कॅन्सरच्या नोंदणीत जगभर चालणारी संकेतावली घ्या. जठर म्हणजे सी१६, त्याचं वरचं तोंड सी१६.०. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालू आहे, ती देशातली पहिली. अशा नोंदणीशी तुमचे आकडे ताडून बघायचे तर भाषा एक हवी.

मग नमुन्यांची अदलाबदल तपासा. ती होतेच, आमच्याकडे होत नाही म्हणणाऱ्यांनी तपासलेलं नसतं. एका माणसाचं रक्त आणि गाठ खरंच एकाच माणसाची आहे का, हे काही डझन नेहमीचे जनुकीय फरक जुळवून कळतं. फॉर्मवर ‘पुरुष’ आणि डीएनएत वाय गुणसूत्राचा पत्ता नाही, तर आधी नळी तपासा. गाठीत वाय हरवलेलं असू शकतं, म्हणून ही तपासणी रक्तावर करा.

शेवटी तुलना. गाठीत दिसलेला बदल कॅन्सरचा की त्या समाजात पूर्वापार असलेला? परदेशी डेटाबेसात भारतीय कमी, त्यामुळे आपले साधे वारशाचे फरक तिथे सापडत नाहीत आणि म्युटेशन म्हणून मिरवतात. याच अडचणीपोटी खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या गटाने २०१६ साली ६२ भारतीयांच्या निरोगी नमुन्यांतून एक लाख चौदा हजारांवर असे फरक वेगळे काढून टीएमसी-एसएनपीडीबी हा डेटाबेस खुला केला. आता जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाचा सुमारे दहा हजार भारतीयांचा डेटाही फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे. दोन्हींतून चाळून घ्या. तरीही त्याच पेशंटचं रक्त असेल तर त्याला तोड नाही.

पायरी ६: दार कुणाला, किती उघडायचं

एकूण आकडे सगळ्यांना खुले, एकेका माणसाची माहिती अर्ज केलेल्यांनाच. अर्ज बघणाऱ्या समितीत प्रयोगशाळेबाहेरचा एक माणूस हवा, शक्यतो पेशंटच्या घरातला. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नका. लहान गाव, वय, दुर्मीळ प्रकारचा कॅन्सर आणि घरातले चार मृत्यू, एवढ्यावरून तालुक्यातलं कुणीही घर दाखवेल. गावाऐवजी जिल्हा, वयाऐवजी पाच वर्षांचा गट, असं करून बाहेर द्या.

सुरुवात वीस पेशंटपासून करा, दोनशेंपासून नको. वीस झाले की थांबा आणि एक रंगीत तालीम घ्या. डोळे मिटून एक क्रमांक निवडा आणि समजा की त्या माणसाने आज फोन करून सांगितलं, माझं सगळं काढून टाका. त्याच्या सगळ्या नळ्या, ठोकळे, फाइली, बॅकअपमधल्या प्रती, तक्त्यातल्या ओळी आणि कुणाला पाठवलेला डेटा, हे सगळं शोधून यादी करा आणि घड्याळ लावा. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीन दिवस लागले. शेवटची नळी सापडली ती दुसऱ्याच प्रकल्पाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात, बर्फाखाली.